वजा होत गेलेलं गीत

हेन्री फ्रान्सिस लाइट या पाद्र्याने आठ कडव्यांचं एक गीत लिहिलं आणि त्याला चालही स्वतःच लावली. ती चाल आज कुणी गात नाही. आठांपैकी तीन कडवी तर बहुतेक गाणाऱ्यांना माहीतही नसतात. ‘अबाइड विथ मी’ म्हटल्यावर जे सूर कानात उभे राहतात, ते लाइट गेल्यानंतर चौदा वर्षांनी दुसऱ्याच एका माणसाने बांधले. पुढे फुटबॉलच्या मैदानाने या गीताला चर्चच्या दाराबाहेर काढलं, एका जाझवादकाने त्यातले शब्द काढून टाकले आणि दिल्लीच्या विजय चौकात लष्करी बँडने ते काही दशकं निःशब्दच वाजवलं. गाणी काळाच्या ओघात भर पडून मोठी होतात असा आपला अनुभव. आरत्यांचं, लोकगीतांचं तसंच होतं. एखादं गाव आपलं एक कडवं हळूच घुसवतं आणि दोन पिढ्यांनी ते मूळचंच मानलं जातं. हे गीत मात्र दर मुक्कामाला काही ना काही मागे ठेवत आलं, आणि दरवेळी आणखी माणसांचं झालं. या पुस्तकात त्या वजाबाकीचा हिशेब मांडला आहे.

सुरुवात लाइटपासूनच करायला हवी, कारण एका चालीच्या प्रसिद्धीखाली हा माणूस पार झाकला गेला आहे.

त्याचा जन्म १ जून १७९३ चा, स्कॉटलंडमध्ये केल्सोजवळच्या एडनम गावातला. वडील लष्करात कॅप्टन, पण घरची जबाबदारी अंगाला लावून न घेणारे. त्यांनी थोरल्या दोन मुलांना आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या पोर्टोरा रॉयल स्कूलमध्ये टाकलं आणि आपण बाजूला झाले. नंतर पत्रं आली तीसुद्धा ‘काका’ अशा सहीने. आई धाकट्याला घेऊन लंडनला गेली आणि तिथे ती दोघंही वारली. हेन्री शाळेत राहिला तो मुख्याध्यापक रॉबर्ट बरोज यांच्या जिवावर. त्यांनी त्याची फी भरली, सुट्टीत त्याला आपल्या घरी नेलं, जवळजवळ दत्तकच घेतलं म्हणा ना. (याच शाळेत पुढे ऑस्कर वाइल्ड आणि सॅम्युएल बेकेट शिकले. या दोघांच्या पंक्तीला लाइट जरा बावळटच दिसतो. पण तिघांमध्ये सर्वांत जास्त तोंडी बसलेला मजकूर त्याचाच.) डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो मोठा हुशार निघाला, इंग्रजी कवितेचं बक्षीस त्याने तीनदा पटकावलं. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण झाला पाद्री.

पाद्री झाला खरा, तरी पहिली दोन-तीन वर्षं ती नोकरीच होती. कॉर्नवॉलमधल्या मराझायन इथे असताना, १८१८ मध्ये, शेजारच्या एका पाद्र्याच्या आजारपणात त्याला उशाशी बसावं लागलं. तो माणूस मरणाला टेकला होता, आणि इतकी वर्षं आपण लोकांना जे सांगत आलो त्याचा आता आपल्यालाच आधार वाटत नाही म्हणून तळमळत होता. दोघांनी मिळून पौलाची पत्रं पुन्हा मुळापासून वाचायला घेतली. तो शांतपणे गेला; लाइट मात्र बदलून गेला. मरणशय्येजवळ बसलेला सोबती हे त्याच्या कवितेतलं ठाण मांडून बसलेलं चित्र इथूनच आलं असावं असं मला वाटतं. तिथे देव न्यायासनावर बसत नाही; खाटेशेजारी खुर्ची ओढून बसतो.

१८२४ पासून तो डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या ब्रिक्सहॅमला होता. हे कोळ्यांचं बंदर. बोटी दिवसचे दिवस समुद्रात, त्यातल्या काही परत न येणाऱ्या. लाइटने तिथे शेकडो मुलांची रविवारची शाळा उभी केली, बोटीवर नेता येईल अशी उपासनेची पुस्तकं खलाशांच्या हाती दिली, मुलांसाठी गीतं रचली. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत तो विल्बरफोर्सच्या बाजूने उभा राहिला. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात शिबंदीचं इस्पितळ म्हणून बांधलेलं बेरी हेडचं घर पुढे त्याला राहायला मिळालं. समुद्रात घुसलेल्या कड्यावरचं ते घर त्याने पुस्तकांनी भरून टाकलं. १८३४ मध्ये त्याने स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्रांवर बेतलेल्या गीतांचा संग्रह काढला. त्यातलं ‘प्रेझ माय सोल’ हे गीत जॉन गॉसच्या चालीत १९४७ साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गायलं गेलं. म्हणजे लाइट हा काही एका गीताचा धनी नव्हता.

आणि तरी शेवटच्या वर्षांत त्याच्या चर्चमधल्या गायकवृंदाने त्याला सोडलं. लाइट हळूहळू ऑक्सफर्ड चळवळीच्या, म्हणजे जुन्या विधिपरंपरेकडे झुकणाऱ्या मताकडे वळत होता. मंडळीतल्या अनेकांना ते रुचलं नाही. ते प्लिमथ ब्रदरनसारख्या पंथांकडे गेले, आणि त्यांत गायकवृंदातले जवळजवळ सगळेच होते. जगभर गायल्या जाणाऱ्या गीताच्या कर्त्याला अखेरीस स्वतःच्या चर्चमध्ये गायला माणसं उरली नव्हती. चरित्रकार हा तपशील एका वाक्यात उरकतात. मला तो मरणशय्येच्या कहाणीपेक्षा मोठा वाटतो.

छाती मुळातच नाजूक होती, क्षयाने ती पोखरली. हिवाळा आला की इंग्लंड सोडून दक्षिणेकडे जायचं, हा वर्षानुवर्षांचा क्रम. १८४७ च्या सप्टेंबरात तसंच निघायचं होतं. ५ तारखेला, रविवारी, अंगात त्राण नसताना त्याने उपदेश केला आणि प्रभुभोजन दिलं. मग तो दक्षिणेकडे निघाला आणि २० नोव्हेंबरला नीसमध्ये वारला. तिथेच त्याला पुरलं.

इथून दंतकथा सुरू होते. उपासना आटोपून लाइट बेरी हेडच्या बागेत गेला, समोर सूर्य मावळत होता, तासाभरात गीत उतरलं, अशी ती कहाणी. शाळेच्या पुस्तकांत, गीतकोशांत, पर्यटनाच्या पत्रकांत ती तशीच छापलेली आढळते. मुलीने १८५० मध्ये त्याचं उरलेलं लेखन छापलं, तेव्हा सोबत त्याच्या आठवणी लिहिल्या; या कहाणीचं मूळ तिथे आहे. पण ती काय सांगते ते नीट वाचलं तर वेगळंच निघतं. त्या संध्याकाळी वडिलांनी हे गीत, स्वतः लावलेल्या चालीसह, एका जवळच्या नातलगाच्या हाती ठेवलं, एवढंच तिचं म्हणणं. हाती ठेवलं, लिहिलं नव्हे. त्याआधी ऑगस्टातल्या एका पत्रात लाइटने ते गीत एका परिचित बाईंना धाडलं होतं आणि आपली अगदी ताजी रचना म्हणून त्याचा उल्लेख केला होता. आणखी एक परंपरा त्याला थेट १८२० मध्ये नेते : आयर्लंडमधला ल हंट नावाचा त्याचा मित्र मरणाच्या दारात होता, त्याच्या तोंडी घोळणाऱ्या शब्दांवरून लाइटने हे रचलं, असं त्या घराण्यात सांगत. या वादात मी ऑगस्टच्या पत्राच्या बाजूचा आहे. लिहिणाऱ्याने स्वतः दिलेली तारीख असताना शंभर वर्षांनी आठवलेली तारीख का घ्यावी? पण सूर्यास्ताची कहाणी एवढी का चिकटली ते उघड आहे. गीतातच संध्याकाळ उतरते आहे. लिहिणाराही संध्याकाळीच बसला असेल असं वाचकाला वाटतं.

गीताचं बीज लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर त्याचे दोन अनुयायी अम्माऊस गावाकडे चालले आहेत. वाटेत एक अनोळखी माणूस भेटतो, बोलत बोलत सोबत येतो. गाव येतं, दिवस कलतो, तो पुढे निघाल्यासारखं करतो आणि हे दोघं त्याला आग्रहाने थांबवतात. पुढे जेवायला बसल्यावर भाकर मोडताना त्यांना कळतं, हा कोण ते. लाइटने या सगळ्या कथेतून काय उचललं? वाट नाही, गाव नाही, जेवण नाही, ओळख पटण्याचा तो क्षणही नाही. उचलला फक्त आग्रह. दोघांचा होता, तो त्याने एकट्याचा केला. दिवसाची संध्याकाळ होती, ती आयुष्याची केली. पहिली वजाबाकी खुद्द कवीने केलेली आहे.

दुसरी संपादकांनी केली. मूळच्या आठ कडव्यांतली तिसरं, चौथं आणि पाचवं ही तीन गीतसंग्रहांतून गळाली. तिसऱ्यात विनवणी आहे की धावती भेट नको, शिष्यांसोबत राहत होतास तसा राहा. चौथ्यात, राजाधिराजाच्या धाकाने येऊ नकोस, मायेने ये. पाचवं सर्वांत खासगी : कोवळ्या वयात तू माझ्याकडे पाहून हसलास, मी मात्र हट्टी आणि बंडखोर निघालो, तरी मी तुला सोडलं तसं तू मला सोडलं नाहीस. ज्याच्या बापाने पत्राखाली ‘काका’ म्हणून सही केली, त्या मुलाचं बालपण गीतात डोकावतं ते इथे, आणि नेमकं तेच वगळलं गेलं. वाचक म्हणून मला हळहळ वाटते. पण गाणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर संपादकांचा कान शाबूत होता. उरलेल्या पाचांत कवीच्या चरित्राचा मागमूस नाही. ज्याला कुणाला रात्र आणि मरण माहीत आहे त्याला ती आपली म्हणून गाता येतात, आणि माहीत कुणाला नसतं?

आता चालीकडे वळू, कारण गीताचं नशीब खरं तिथे फिरलं.

इंग्रजी उपासनागीतांची एक व्यवस्था मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. ‘सौभद्रा’ची जुनी छापील प्रत उघडली तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचं नाव असतं : हे पद त्या सुरांत म्हणा. इंग्रजी चर्चमध्येही शब्द आणि चाल यांची कुंडली वेगवेगळी. चालीला स्वतःचं नाव असतं, आणि गीताला अक्षरसंख्येचा आकडा असतो. ‘अबाइड विथ मी’चा आकडा दहा-दहा-दहा-दहा, म्हणजे चार ओळी, प्रत्येकीत दहा अवयव. ज्या चालीचा आकडा हाच, ती या गीताला बसते. त्यामुळे एकच गीत एका गावात एका चालीत, शेजारच्या गावात दुसऱ्या, हे नेहमीचं होतं. लाइटची स्वतःची चाल या बाजारात उतरली आणि चालली नाही.

१८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हा संग्रह निघाला. सर हेन्री बेकर त्याचे मुख्य संपादक आणि विल्यम हेन्री मंक संगीताचे. त्यात २७३ गीतं होती, आणि शब्द नि चाल एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेली. आज यात विशेष काही वाटणार नाही. पण गीत नि चाल यांचं लग्न लागतं ते असं. पानावर शेजारी दिसलेली जोडी मंडळी जन्मभर तशीच गाते. या संग्रहाच्या पुढच्या आवृत्त्यांचा खप कोटींच्या घरात गेला, आणि त्यांच्यासोबत कितीतरी जोड्या पक्क्या झाल्या. त्यातली सगळ्यात अभंग जोडी लाइट आणि मंक यांची.

मंक हा १८२३ चा, लंडनचा. किंग्ज कॉलेजात ऑर्गनवादक, आणि १८५२ पासून स्टोक न्यूइंग्टनच्या सेंट मथायस चर्चमध्ये. कामाला वाघ, नेमस्त, फारसा न गाजणारा. त्याने या गीतासाठी ‘इव्हनटाइड’ ही चाल रचली. तिच्याही दोन जन्मकथा आहेत. एक म्हणते, संपादक मंडळाची बैठक संपता संपता लक्षात आलं की या गीताला चालच नाही; मंकने दहा मिनिटांत लिहून दिली. दुसरी त्याच्या पत्नीची : मोठ्या दुःखाचे दिवस होते, दोघं मावळतीकडे पाहत होती, अंधार पडल्यावर त्याने कागद घेतला. गंमत अशी की कवीच्या वाट्याला खोटा सूर्यास्त आला आणि संगीतकाराच्या वाट्याला कदाचित खरा.

ही चाल पेटीवर वाजवून पाहावी. पेटीवाल्याला दोन मिनिटांचं काम आहे. काळी दोनचा सा धरा. पहिली ओळ : ग ग रे सा प, ध प प म ग. दुसरी : ग म प ध प, म रे ग, मग तीव्र मध्यम, आणि प. तिसरी पहिलीसारखी निघते : ग ग रे सा प, पण लगेच प म म ग रे अशी उतरते. चौथी : रे ग म ग रे सा, म ग रे सा. बस. निषाद मुळातच नाही. सा ते ध एवढ्या सहा स्वरांच्या जागेत सगळं आटोपतं, म्हणून ज्याला गाता येत नाही तोही हे गाऊ शकतो. मंडळीसाठी चाल बांधणाऱ्याला याहून मोठी कसोटी नाही.

पण नुसती सोपी असती तर टिकली नसती. चार ओळी कुठे टेकतात ते पाहा : ग, प, रे, सा. पहिली अर्ध्यावर टेकते, दुसरी वर चढून थांबते, तिसरी रिषभावर अधांतरी सोडते आणि चौथी घरी आणते. पहिल्या ओळीत दोन पायऱ्या खाली उतरून सा वरून एकदम पंचमावर घेतलेली उडी, जी तिसरीतही येते, ही सबंध चालीतली सर्वांत मोठी हालचाल. आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो एकुलता एक तीव्र मध्यम. तेवढ्यापुरता पंचम हाच षड्ज वाटायला लागतो, खालचे तीन आवाज त्याच्याभोवती वळतात, आणि अंधार दाटल्याचं सांगणारी ओळ उजेडात जाऊन संपते. हे मंकने जाणून केलं की हाताच्या सवयीने झालं, कोण सांगणार? त्या काळच्या अशा चालींत दुसऱ्या ओळीअखेर पंचमाकडे वळणं ही रूढीच होती. रूढी इथे अर्थाला येऊन मिळाली.

तिच्यात दोषही आहे. लाइटची ओळ हलक्या अवयवाने सुरू होते आणि जोर दुसऱ्यावर पडतो. मंक मात्र प्रत्येक ओळीच्या पहिल्याच अवयवाला सम देतो आणि दोन मात्रा लांबवतो. चारही ओळींत तेच. कवितेच्या कानाने ऐकलं तर ही खोटी सम आहे. हळू गाणाऱ्या मंडळीत तर ती फरफटते. नाट्यपदाच्या तालमीत एखाद्या गुरुजींनी तबल्यावर हात ठेवून गाणाऱ्याला तिथेच थांबवलं असतं. पण याच लांबलेल्या पहिल्या अवयवामुळे हजारो माणसं एकाच वेळी ओळ उचलू शकतात, हे पुढे वेम्बलीच्या फुटबॉल मैदानावर कळलं.

चर्चबाहेरची पहिली मोठी स्वारी दिवाणखान्यात झाली. १८९६ मध्ये सॅम्युएल लिडलने या शब्दांना नवी, एकट्या गायिकेसाठीची चाल दिली, आणि क्लारा बटने आपल्या तोफेसारख्या खालच्या आवाजात ती मैफिलीतून गाजवली. त्या काळी ती इतकी लोकप्रिय होती की मंकची चाल मागे पडते की काय असं वाटावं. आज लिडलची चाल ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांकडे उरली आहे. कारण साधं आहे : ती ऐकायची होती, गायची नव्हती.

पहिल्या महायुद्धात हे गीत खंदकांत पोचलं, आणि एका कोठडीतही. ब्रसेल्समधली इंग्रज परिचारिका एडिथ कॅव्हेल हिने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना निसटायला मदत केली म्हणून जर्मनांनी तिला मृत्युदंड दिला. १२ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे तिला गोळ्या घातल्या. आदल्या रात्री स्टर्लिंग गॅहन हा पाद्री तिला भेटायला गेला, तेव्हा दोघांनी मिळून या गीताचे शब्द म्हटले. गायले नाहीत, नुसते म्हटले. शब्द चालीवाचून उभे राहिल्याची माझ्या माहितीतली ही एकच ठळक जागा. बाकी सगळीकडे चाल पुढे आणि शब्द मागे.

२३ एप्रिल १९२७ ला वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना होता, कार्डिफ सिटी विरुद्ध आर्सेनल. सामन्याआधी प्रेक्षकांनी एकत्र गाण्याची तेव्हा नवी टूम निघाली होती. गाण्यांच्या यादीत हे गीत आलं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांना ते आवडतं म्हणून, असं सांगतात. कार्डिफने सामना एका गोलने जिंकला, कप पहिल्यांदा आणि आजवर एकदाच इंग्लंडबाहेर गेला, आणि गीत मात्र कायमचं वेम्बलीवर राहिलं. १९२९ पासून रग्बी लीगच्या चॅलेंज कपनेही ते उचललं. मरणाच्या दारातल्या माणसाची विनवणी बिअर पिऊन आलेल्या लाखभर लोकांनी गावी, यावर नाकं मुरडणारे कायम होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्या गर्दीतल्या कित्येकांनी हीच चाल आपल्या कुणाच्या तरी अंत्यविधीला ऐकलेली असते. मैदानावर ती ओळखीची म्हणून गळ्यात येते आणि दुसऱ्या कडव्याला आवाज जरा जड होतात.

जून १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत थेलोनियस मंक या जाझ पियानोवादकाने हीच चाल ध्वनिमुद्रित केली. आडनाव एकच, नातं काही नाही. तरुणपणी तो एका फिरत्या धर्मोपदेशिकेच्या ताफ्यात वाजवत हिंडला होता. चर्चचं संगीत त्याच्या हाडात होतं. ‘मंक्स म्युझिक’ या तबकडीची सुरुवात तो या चालीने करतो. एक ट्रम्पेट, तीन सॅक्सोफोन. सॅक्सोफोनवाल्यांत कोलमन हॉकिन्स आणि जॉन कोल्ट्रेन. मिनिटही पुरं होत नाही. पियानो नाही, ड्रम नाहीत, एकही तान किंवा फिरत नाही. चाल एकदा सरळ वाजते आणि थांबते. जो माणूस कुठलीही सरळ गोष्ट वाकडी करून दाखवण्यात दिग्गज, त्याने इथे काही केलं नाही, स्वतः वाजवलंही नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात एमेली सँडेने हे गीत जवळपास साथीविना गायलं आणि अक्रम खानच्या नर्तकांनी मृत्यूवरचा नाच केला. अमेरिकेतल्या प्रक्षेपणात तो भागच कापला आणि एका जलतरणपटूची मुलाखत दाखवली. सगळ्याच वजाबाक्या शहाण्या नसतात.

भारताशी या गीताचा संबंध दोन वाटांनी आला. एक मिशनची वाट, दुसरी लष्कराची. आणि लष्करी वाटेवर गांधीजी उभे आहेत. त्यांच्या आवडत्या ख्रिस्ती गीतांत हे एक होतं. प्रजासत्ताक दिनाचा सोहळा २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीटने संपतो, दुसऱ्या दिवशी गांधीजींची पुण्यतिथी. १९५० च्या दशकात या कार्यक्रमाचा साचा बसला तेव्हापासून अखेरच्या टप्प्यात ‘इव्हनटाइड’ वाजत असे. रायसीना टेकडीच्या कडेला उंटस्वार निश्चल, सूर्य खाली गेलेला, मधला बँड चाल सुरू करायचा आणि इमारतींच्या बाजूने लांब नळ्यांच्या घंटा त्याला उत्तर द्यायच्या. दूरदर्शनसमोर बसून ते पाहिलेल्या मराठी घरांत या चालीला नाव नव्हतं, शब्द नव्हते. ती ‘शेवटी वाजते ती धून’ होती.

२०२० मध्ये ती वगळल्याची बातमी आली, त्या वर्षी ती वाजली. २०२२ मध्ये खरोखरच वगळली आणि तिच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. इंग्रजांच्या चर्चचं गीत आपल्या सोहळ्यात कशाला, असं एका बाजूने म्हटलं गेलं. हे गांधीजींचं आवडतं, असं दुसऱ्या बाजूने. माझं मत असं, की भांडण शब्दांवरून झालं आणि विजय चौकात ते शब्द कधी कुणी ऐकलेच नव्हते. तिथे होती ती सहा स्वरांची एक संध्याकाळची चाल. आणि मराठी माणसाला या बदलावर नुसतं रागावणंही अवघड जातं. नव्याने आलेली चाल पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, आणि १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत ती पहिल्यांदा गायलेला गळा लता मंगेशकरांचा. तिच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. मात्र दोन्ही चाली एकाच कामाच्या नाहीत, एवढं म्हणायला हरकत नसावी. चितळकरांची चाल गेलेल्यांची आठवण काढून जागं करते, मंकची निजवते. ध्वज उतरवताना मला दुसरी हवी होती.

मिशनची वाट आपल्याकडे जास्त जुनी आणि जास्त गुंतागुंतीची. मराठी ख्रिस्ती मंडळीत गीतं दोन कुळांची गायली जातात : विलायती चालींवर बेतलेली आणि देशी चालींची. दुसऱ्या कुळाला खरी उभारी दिली ती नारायण वामन टिळकांनी. ओवी, अभंग, भजन, कीर्तन हे सगळं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं, ते ऑर्गनच्या चार आवाजांत बसत नव्हतं आणि बसायची गरजही नव्हती. टिळकांचा जन्म १८६१ चा, म्हणजे ‘इव्हनटाइड’च्याच वर्षाचा. हा योगायोगच, पण मराठी उपासनासंगीताकडे पाहताना उपयोगी पडणारा : एका टोकाला सहा स्वरांत बांधलेली, कुणालाही हलवता न येणारी चाल, दुसऱ्या टोकाला अभंगाचे शब्द, ज्यांना प्रत्येक गावाने आपली चाल लावावी. आजही एकाच रविवारी, एकाच चर्चमध्ये, पेटीवर दोन्ही वाजतात, आणि पेटीवाल्याला त्यात काही अडचण वाटत नाही. विलायती चाल तो बऱ्याचदा थोडी मींड घालून वाजवतो. नीट कान दिला तर तीव्र मध्यमावर जरा रेंगाळतोसुद्धा. मंकने असं लिहिलं नव्हतं, पण त्याने तक्रार केली असती असं वाटत नाही.

पुढची प्रकरणं कोणत्या क्रमाने वाचावीत याचं बंधन नाही. ज्यांना संगीतात गती आहे त्यांनी चालीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि लाइटच्या चरित्राकडे मागाहून यावं, बाकीच्यांनी उलट. मात्र वाचण्याआधी तीन गोष्टी ऐकून घ्याव्यात : वेम्बलीची गर्दी, क्लारा बट, आणि थेलोनियस मंकचं ते मिनिटाच्या आतलं वादन. तिन्ही मिळून अर्धा तासही लागणार नाही. लाइटच्या आठही कडव्यांचा आशय शेवटी मराठीत दिला आहे, वगळलेल्या तिन्हींसह आणि मूळच्या क्रमाने. ती वाचायची आहेत. गायची झाली तर पाचच गावीत. तेवढ्याबाबत १८६१ च्या संपादकांशी माझं भांडण नाही.